चटईचा एक कोपरा

मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास फालेमातांगी गावच्या कातळावरून एक तरुणी लाटेबरोबर समुद्रात ओढली गेली. नाव इमोजेन हेन्शॉ, वय चोवीस, राहणार होबार्ट. तिचे वडील डग्लस हेन्शॉ धोक्याची हद्द दाखवणाऱ्या, चुना लावलेल्या दगडांच्या रांगेमागे मोबाइल धरून उभे होते. तिच्या सगळ्यात जवळ होता तो नारळ टाकणारा मारेको.

दुपारी गावच्या होड्यांना ती पूर्वेच्या कड्याखाली सापडली. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा कोणीतरी आपली लुंगी सोडून तिच्यावर पांघरली होती. होडीतले चौघेही खाली बघत होते. हेन्शॉ पाण्यात कमरेपर्यंत चालत गेले आणि त्यांनी होडीची कड धरली. होडी ओढायला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

कातळ तुइलांगीच्या घराण्याचा आहे. तुइलांगी हे नाव नव्हे, पदवी आहे. ती धारण करणारा म्हातारा घराचा मताई, म्हणजे कर्ता आणि गावाच्या बैठकीतला माणूस. कातळाला भोकं आहेत. खालून लाट शिरली की पाणी नारळाच्या झाडापेक्षा उंच उडतं. सवायी बेट बघायला आलेला माणूस धबधबा बघतो, लाव्हात बुडालेलं चर्च बघतो, कासवांच्या तळ्यात उतरतो आणि शेवटी आमच्या फवाऱ्यांकडे येतो. वाटेवरच्या तिकिटाच्या झोपडीत तुइलांगीची बायको फेतुआओ बसते. आत गेलं की मारेको असतो, त्यांचा मुलगा. लाट यायच्या क्षणभर आधी तो भोकात सुका नारळ टाकतो आणि तो नारळ तोफेतून सुटल्यासारखा आभाळात जातो. वेळ त्याला कानाने कळते.

नारळ डोक्यात पडला तर काय, असं पाहुण्यांपैकी कोणीतरी रोज विचारतंच. मारेकोचं उत्तर ठरलेलं होतं. "मग तुम्हाला इथेच पुरू. जागा बघा ना, समुद्र समोर, भाडं नाही." सगळे हसायचे. इमोजेनही हसली होती.

बापलेक तीन दिवस तुइलांगीच्या किनाऱ्यावरच्या झोपड्यांत राहत होते. त्यांना तिथे पाठवलं होतं लोसाने. लोसा तुइलांगीच्या बहिणीची मुलगी. बोटीच्या धक्क्याजवळच्या हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. बेटावर बघण्यासारखं काय आहे, असं हेन्शॉंनी विचारलं तेव्हा तिने नकाशावर बोट ठेवून सगळं सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "पण राहायचं असेल तर माझ्या मामाकडे राहा. हॉटेलात काय आहे? हॉटेल तुमच्याकडेही असेल."

इमोजेन संध्याकाळी फेतुआओपाशी बसून केतकीच्या पात्यांची चटई विणायला शिकत होती. आठवड्याची सुट्टी असल्यामुळे लोसाही एक दिवस आली होती. पोरीची वीण बघून फेतुआओ म्हणाली, "विचार गं तिला, ही चटई आहे की मासे धरायचं जाळं?"

लोसाने सांगितलं. इमोजेन म्हणाली, "मासे सापडले तर तुम्हालाच देईन." आणि सगळं उसवून परत पहिल्यापासून विणायला बसली. वीतभर विणून झालं होतं. ते अजून फेतुआओच्या घरात खांबाला टेकवून ठेवलेलं आहे. त्याला हात लावायची घरात कोणाची तयारी नाही.

सोमवारी ती दोघं फवारे बघायला गेली तेव्हा ओहोटी होती. पाणी गुडघ्याएवढं उडत होतं. मारेकोला वाईट वाटलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी या. आज समुद्र जेवून झोपलाय."

मंगळवारी सकाळी समुद्र जागा होता. मारेकोने तीन नारळ उडवले. मग इमोजेनने आपल्यालाही टाकू दे म्हटलं. पाहुण्यांना टाकू द्यायची पद्धत आहे. भरतीला मात्र देत नाहीत. मारेकोने दिला. तिला दगडांच्या रांगेआत उभं करून, दंड धरून, त्याने "आता" म्हटलं आणि तिने टाकला. नारळ सरळ वर गेला. ती ओरडली, मारेको ओरडला, सगळे ओरडले. मग तिने दुसरा नारळ घेतला. या वेळी वारा फिरून फवारा अंगावर येत होता म्हणून ती भोकाच्या दुसऱ्या बाजूला, दगडांच्या रांगेपलीकडे गेली. मारेकोने हाक मारली. लाट भोकातून न येता बाजूने, कातळावरून आली.

दुसरा नारळ तिने का घेतला, हे मारेकोने पोलिसांना सांगितलं नाही. गावच्या बैठकीतही सांगितलं नाही.

बैठक बुधवारी सकाळी बसली. फवारे बंद करायचे, यावर कोणाचं दुमत नव्हतं. मग पुढे काय, यावर बोलणं अडलं.

सेउमालो नावाचे मताई म्हणाले, "तुमच्या पोराला सांगा, रोज पुरायच्या गोष्टी करत होता ना? समुद्राला कान असतात."

मारेको दाराशी मांडी घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तुइलांगी म्हणाले, "मी इफोंगा करणार आहे. उद्या पहाटे."

आमच्याकडे कोणाच्या हातून दुसऱ्याच्या घरचं माणूस गेलं, तर त्याच्या घरचा मताई पहाटे त्या दारापुढे जाऊन बसतो. अंगावर घरातली सगळ्यात चांगली चटई घेतो आणि खाली मान घालून वाट बघतो. घरचे मागे बसतात. समोर जळणाची लाकडं आणि भट्टीचे दगड ठेवतात, म्हणजे आम्हाला मारून भाजलंत तरी चालेल. आतल्या माणसांनी बाहेर येऊन चटई उचलली, तर माफी झाली, चटई त्यांची. नाही उचलली, तर नाही.

सेउमालो म्हणाले, "अहो तुइलांगी, तो पालांगी. गोरा माणूस. त्याच्याकडे कोर्ट आहे, वकील आहे. त्याला आपल्या चटईचं काय?"

"मुलगी त्याची गेलीय. कोर्टाची गेलीय का?"

शेवटी बैठकीने ठरवलं ते असं: चटई उचलली गेली, तर तुइलांगीचं घर गावात राहील. उचलली नाही, तर त्यांनी पोराबाळांसह गाव सोडायचं, आणि कधी परतायचं ते गाव सांगेल. कठोर होतं, पण नवीन नव्हतं. तुइलांगींनी स्वतः दोन घरांना असाच निकाल ऐकवलेला होता.

संध्याकाळी तुइलांगींच्या घरी लोसा आली. पोलिसांनी हेन्शॉंना तिच्याच हॉटेलात आणून ठेवलं होतं. उद्या दुपारच्या बोटीने ते शवपेटी घेऊन राजधानीच्या बेटावर जाणार आणि शुक्रवारी पहाटे विमान, हे तिला माहीत होतं.

फेतुआओने ठेवणीतली चटई बाहेर काढली होती. तुइलांगींच्या आईने विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. ती गादीखाली ठेवलेली असायची आणि घरातलं लग्न किंवा मरण असेल तरच निघायची.

मारेको म्हणाला, "चटईखाली मी बसतो."

"तू मताई आहेस का?"

"बाबा, नारळ मी दिला."

"म्हणूनच. तू बसलास तर ती शिक्षा झाली. मी बसलो तर ती माफी मागणं झालं. तू मागे बस, तुझ्या आईच्या शेजारी. आणि मान खाली."

लोसा बराच वेळ पात्यांची टोकं तोडत बसली होती. मग म्हणाली, "मामा, त्यांना कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

"काय करायचं ते. त्यांच्याकडे असलं काही नसतं. मी सकाळी त्यांना आधीच सांगून ठेवते."

"काय सांगशील?"

"की बाहेर या आणि चटई उचला."

तुइलांगी हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदाच. "म्हणजे माझ्याऐवजी माफी तूच मागणार, आणि त्याच्याऐवजी तूच देणार. मग आम्ही दोघं म्हातारे कशाला हवे? घरी झोपतो."

"चेष्टा नाही, मामा."

"मीही करत नाही. सांगून उचलली तर ती उचलली का? ते हुकूम पाळणं झालं. त्याचं मन झालं तर येईल तो. दारात माणूस तोंड झाकून बसलाय, यात न कळण्यासारखं काय आहे? बापच आहे ना तो? दगड नाही ना?"

"आणि त्यांनीच मला विचारलं तर?"

"तर सांग, बसलेत म्हणून. शप्पथ आहे तुला."

फेतुआओ म्हणाली, "अहो, पोरगी म्हणते त्यात चूक काय? एक शब्द सांगितला तर—"

"एक शब्द सांगितला की ती आपली चटई राहत नाही, फेतुआओ. हॉटेलातली होते."

आज गावात बरेच जण म्हणतात की लोसाने ऐकायला नको होतं. बुधवारी संध्याकाळी त्या घरात असतं तर कोणीही ऐकलंच असतं.

गुरुवारी उजाडायच्या आत ते हॉटेलाच्या आवारात पोचले. हेन्शॉंची खोली तळमजल्यावर, बागेकडे तोंड करून. तिच्या समोर हिरवळीवर तुइलांगी बसले. धाकटा भाऊ पेसामिनो याने चटई त्यांच्या डोक्यावरून अंगभर सोडली. मागे फेतुआओ, मारेको, दोन सुना, चुलत घरची माणसं. पुढे लाकडांची मोळी आणि काळे दगड.

उजाडलं. खोलीचा पडदा हलला नाही.

सातच्या सुमारास व्यवस्थापक ऑल्ड्रिज आले. ते ऑकलंडहून दोन महिन्यांपूर्वी आलेले. ते लोसाला म्हणाले, "पाहुण्यांसाठीचा हा कार्यक्रम बुधवारी असतो ना? आज गुरुवार आहे."

"हा कार्यक्रम नाही, सर."

"मग लाकडं कशाला? भट्टी लावणार आहेत का? मला कोणी कळवलं नाही."

लोसाने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ऑल्ड्रिज वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एवढंच म्हटलं, "नाश्त्याच्या वेळेआधी होईल का?"

नाश्त्याच्या वेळी पाहुणे उठले. पपईच्या बश्या घेऊन ओट्यावर आले. कोणीतरी फोटो काढला, मग सगळ्यांनी काढले. एका बाईने लोसाला विचारलं, याला वेगळं तिकीट आहे का. एक जाडा, प्रेमळ चेहऱ्याचा गृहस्थ चप्पल काढून फेतुआओच्या मागे मांडी घालून बसला आणि त्याने तिच्यासारखीच मान खाली घातली. बायकोने त्याचा फोटो काढल्यावर उठून गेला. पेसामिनो दातांतल्या दातांत बोलला, "वहिनी, याला माफी कोणाची हवी होती?"

"गप्प बस," फेतुआओ म्हणाली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय, हे मागून कळत नव्हतं.

ऊन वर आलं. चटईखाली हालचाल नव्हती. आमच्याकडे असं बसलेला माणूस पाणी मागत नाही.

दहाच्या पुढे हेन्शॉ खोलीच्या मागच्या दाराने स्वागतकक्षात आले. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. त्यांना बोटीच्या वेळेबद्दल विचारायचं होतं. लोसाने वेळ सांगितली. ते तिथेच उभे राहिले आणि खिडकीतून हिरवळीकडे बघत राहिले.

"ते कोण आहेत?"

"मारेकोच्या घरचे."

"आणि ते झाकलेलं?"

"त्याचे वडील."

"काय हवंय त्यांना? पैसे?"

"नाही. नाही, पैसे नाहीत."

"मग मी काय करायचं?"

लोसा म्हणते, त्या वेळी तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. दोन शब्दांचं. ते तिने गिळलं. ती म्हणाली, "ते बसलेत. तुम्हाला जे वाटेल ते करा."

हेन्शॉंनी मान हलवली. मग ते बाहेर बघतच म्हणाले, "पहिल्या वेळी माझा कॅमेरा सुरूच झाला नव्हता. मीच म्हटलं तिला, पुन्हा एकदा. मी म्हटलं, इमो, चुकलं माझं, पुन्हा एकदा टाक." थोडं थांबून ते म्हणाले, "दुसऱ्या वेळी सुरू होता."

त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि विचारलं, "ही घेऊ का?"

ते हिरवळीवर गेले. कोणाला कळलं होतं कोण जाणे, पण ओट्यावरचे मोबाइल खाली गेले. हेन्शॉ चटईपुढे उकिडवे बसले. थोडा वेळ ते लाकडांच्या मोळीकडे बघत होते. मग त्यांनी चटईचा पुढचा कोपरा धरला आणि उचलला.

किती उचलला यावर आता वाद आहे. मागे बसलेल्या सगळ्यांच्या माना खाली होत्या, किंवा असायला हव्या होत्या. पेसामिनो म्हणतो, चांगला हातभर. लोसाने खिडकीतून बघितलं. तिच्या मते आतला चेहरा दिसेल एवढा. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. तुइलांगी बोलले नाहीत. चटई अंगावर असताना बोलायचं नसतं. हेन्शॉही बोलले नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण सैल करून ती आत ठेवली. मग कोपरा हळूच खाली सोडला, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर करावी तसा हाताने सारखा केला.

उठले आणि खोलीत गेले.

मग पेसामिनो कुजबुजला, "उचलली. दादा, उचलली त्याने. मी बघितली."

फेतुआओ म्हणाली, "परत झाकली. मढं झाकतात तशी झाकली."

"आधी उचलली ना? उचलल्याशिवाय झाकता येईल का?"

"काढून घेतात, पेसामिनो. बाजूला ठेवतात, माणसाला हाताला धरून उठवतात, घरात नेतात. तुला आत नेलं का कोणी?"

"गोरा आहे गं तो. त्यांच्यात एवढंच असेल."

"मग आपण त्यांच्यासारखं बसायला हवं होतं."

चटईखालून आवाज आला. नियम मोडून. "पाणी दिलं त्याने. पाणी कोणालाही देतात."

"मग प्या तरी!" फेतुआओ म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "उन्हात बसलाय सकाळपासून. प्या ते!"

आतून झाकण पुन्हा घट्ट केल्याचा आवाज आला.

साडेअकराला टॅक्सी लागली. शवपेटी हॉस्पिटलातून थेट धक्क्यावर जाणार होती. लोसाने हेन्शॉंची बॅग डिकीत ठेवली. दुसरी, निळी बॅग त्यांनी स्वतः मांडीवर घेतली. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "अजून बसलेत?"

"हो."

"उन्हात?"

"हो."

"त्यांना सांग, घरी जा. प्लीज. सांग त्यांना, घरी जा."

टॅक्सी गेली. लोसा हिरवळीवर आली. चपला काढून तिने वाकून सांगितलं, "मामा, ते गेले. जाताना म्हणाले, घरी जा."

पेसामिनो म्हणाला, "झालं! घरी जा म्हणाला. आता काय राहिलं?"

तुइलांगी आतून म्हणाले, "घरी जा असं हाकलतानाही म्हणतात. कसं म्हणाला तो, लोसा?"

लोसा विचार करत राहिली. "प्लीज म्हणाले."

"म्हणजे?"

तिला ते समजावून सांगता आलं नाही. विनंती म्हणून, ती म्हणाली. विनंतीच होती. पण कसली, ते तिला माहीत नव्हतं.

"मग मी बसतो," तुइलांगी म्हणाले.

"कोणासाठी, बाबा?" मारेको त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "खोली रिकामी आहे."

"चटई अंगावर आहे ना? मग मी बसलेलोच आहे."

ऑल्ड्रिज ओट्यावर येऊन उभे राहिले होते. बाग झाडणाऱ्या बाया झाडू धरून थांबल्या होत्या. लोसा मारेकोच्या बाजूला बसली आणि हळू आवाजात तिने त्याला सांगितलं, हेन्शॉ काय म्हणाले ते. कॅमेरा, आणि पुन्हा एकदा.

मारेको म्हणाला, "माहीत आहे मला. मी तिथेच होतो."

"मग बैठकीत सांगितलं का नाहीस? निम्मं ओझं कमी झालं असतं."

"कोणाचं?"

लोसाने गवताचं एक पातं तोडलं.

"त्या माणसाला माहीत आहे. तेवढ्याने भागतं. आणखी कोणाला माहीत असायची गरज नव्हती." मग तो म्हणाला, "तुझ्याकडे बोलला तो. म्हणजे बोलायचं होतं त्याला कोणाशी तरी. आणि आम्ही सगळे माना खाली घालून बसलोय."

त्यानंतर मारेकोने जे केलं ते कोणी केलेलं आमच्याकडे कोणाच्या ऐकिवात नाही. तो उठला, पुढे गेला आणि त्याने बापाच्या अंगावरची चटई स्वतः काढली. ज्याच्या हातून घडलं त्याने. फेतुआओ ओरडली. पेसामिनो अर्धवट उठला आणि तसाच राहिला. मारेकोने गडबड न करता चटईची घडी घातली, पिसांची कड आत, आजीने शिकवली होती तशी.

तुइलांगी हिरवळीवर उघडे बसले होते. चेहरा घामाने भिजलेला, डोळे मिटलेले. मांडीवर तशीच भरलेली बाटली. डोळे न उघडता ते म्हणाले, "काय केलंस तू?"

"ही त्याची आहे," मारेको म्हणाला. "त्याने उचलली असेल तर त्याची. नसेल उचलली तर विचारून येतो."

"विचारायचं नसतं."

"हो, बाबा. माहीत आहे मला."

तो चटई छातीशी धरून धक्क्याच्या दिशेने पळत गेला. ऊन इतकं होतं की डांबरावरून वाफ निघत होती आणि त्याच्या पायांत चपला नव्हत्या.

बोटीवर गाड्या लावणाऱ्या माणसाने नंतर सांगितलं की फळी उचलायच्या वेळी एक जण उडी मारून चढला. याने त्याला शिव्या घातल्या, मग त्याच्या हातातली चटई बघून बाजूला झाला. बोट सुटल्यावर मारेको खालच्या डेकवर शवपेटीच्या गाडीपासून थोड्या अंतरावर उभा होता. हेन्शॉ गाडीत पुढच्या सीटवर बसलेले होते, काच वर केलेली. राजधानीच्या बेटाच्या धक्क्याला लागेपर्यंत दोघं आपापल्या जागी होते. धक्क्यावर काय झालं, ते त्या माणसाने बघितलं नाही. त्याला गाड्या काढायच्या होत्या.

तुइलांगींना पेसामिनोने आणि दोन सुनांनी धरून घरी आणलं. तेव्हापासून ते जेवतात, प्रार्थनेला बसतात, पण बोललेले नाहीत. बाटली त्यांच्या उशाशी आहे. फेतुआओने गादीखालची रिकामी जागा झाडून घेतली आणि गादी परत तशीच घातली.

शुक्रवारी बैठकीने हा विषय सोमवारवर ढकलला. सेउमालोंचं म्हणणं, उचललेला कोपरा म्हणजे उचललेली चटई नव्हे, आणि पोराने बापाची चटई काढली हा वर आणखी एक गुन्हा. दुसऱ्या दोन मताईंचं म्हणणं, माणसाने कोपरा उचलून पाणी आत ठेवलं. यापेक्षा जास्त माफी त्यांनी स्वतः कधी बघितलेली नाही. लोसाला बोलवून विचारलं. तिने बघितलं ते सांगितलं. हेन्शॉ कॅमेऱ्याबद्दल काय बोलले, ते तिने सांगितलं नाही.

विमान शुक्रवारी पहाटे वेळेवर गेलं. मारेकोचा फोन घरीच राहिला आहे. शनिवारच्या सकाळच्या बोटीने तो आला नाही, दुपारच्याही नाही. त्या बोटीने विमानतळावरचा एक टॅक्सीवाला आला, फेतुआओच्या माहेरच्या गावचा. शुक्रवारी उजाडताना, विमान गेल्यावर, त्याने मारेकोला विमानतळाबाहेरच्या कठड्यावर बसलेलं बघितलं होतं. धक्क्यापर्यंत सोडू का, असं त्याने विचारलं तर मारेको नको म्हणाला.

फेतुआओने विचारलं, चटई होती का त्याच्याजवळ.

टॅक्सीवाला म्हणाला, हात रिकामे होते.